विपुलशेठच्या दुकानातलं लग्न

आमचे विपुलशेठ येडे आहेत, हे तलासरीत कुणीही सांगेल. मागच्या वर्षी कानटोपी घालून फ्रिजमध्ये बसले आणि लोकल केबलवर जाहिरात केली. त्याआधी पंख्याला लटकायला गेले, पंख्यासकट खाली आले, तेही दाखवलं. लोक हसतात आणि कपाट न्यायला आमच्याकडेच येतात.

यंदा लग्नसराईसाठी त्यांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. दुकानातच जाहिरातीचं लग्न लावायचं, तेही लाइव्ह. नवरी मी, वर्षा, बिलं करणारी. नवरा नविन, दुकानाचा टेम्पो चालवणारा. वऱ्हाडी म्हणून मिक्सर आणि कूलर, मुंडावळ्या बांधलेले.

नविन मला आवडतो हे त्याच्या टेम्पोलासुद्धा ठाऊक आहे. पण हा बाबा दोन वर्षं "वर्षा, बिल दे" याच्या पुढे सरकला नाही. रविवारी उधवा गावचे पाहुणे मला बघायला येणार होते. त्याला सांगितलं तर म्हणाला, "बरं." बरं काय, डोंबल!

गाण्यासाठी शेठनी हिरीआजीला बोलावलं. ती धवलेरी. आम्हा वारल्यांत लग्नाला भटजी लागत नाही, धवलेरी गाऊन लग्न लावते. शेठना वाटलं, म्हातारी दोन ओळी गाईल, मग आपण कपाटातून उडी मारायची. ते आधीच आत जाऊन बसले.

कॅमेरा सुरू झाला. पाड्यावर माझा बापही टीव्हीसमोर असणार. आजीने आम्हा दोघांना निरखून पाहिलं.

"लगीन खरं का लटकं?"

"जाहिरात आहे, आजी," कॅमेरावाला म्हणाला.

"मी लटकं गात नाय. मी गायले का लगीन लागलं. बोल रे नविन, गाऊ का?"

कपाटातून शेठ ओरडले, "अरे गाओ ने, टाइम जाय छे." नविनला घाम फुटला. आता "बरं" म्हणालास तर हा मिक्सर डोक्यात घालीन, असं मी मनात ठरवलं.

"हिथं नको," नविन म्हणाला. मग माझ्याकडे वळून, अख्ख्या तालुक्यासमोर, "तिच्या अंगणात गा. मला हीच बायको पाहिजे. तिची मर्जी असली तर."

इतका आनंद झाला की मला रडूच फुटलं, आणि रागही आला, दोन वर्षं कुठे झोपला होतास म्हणून.

"रविवारी ये," मी म्हटलं. "पाहुण्यांच्या आधी."

शेठ कपाटातून बाहेर आले आणि उडी मारायचीच विसरले. तेवढ्यात काउंटरवर माझा फोन वाजला. बापाचा होता. मी उचलला.

"उधव्याच्यांना येऊ नका म्हणून सांगतो," बाप म्हणाला. "पण त्या पोराला म्हणावं, मला तोंडाने विचार. टीव्हीवरून नाय."

मी फोन नविनसमोर धरला. त्याने तो माझ्या हातातून ओढूनच घेतला आणि बोलायला लागला, तो थांबेचना.