फटीतला काथ्या

खाडीच्या गाळात हजार-बाराशे वर्षं निजलेलं लढाऊ जहाज पवईच्या त्या ऑफिसात मोठ्या पडद्यावर उभं होतं. चारशे अकरा फळ्या. एकेकीचं, फटीतल्या काथ्यासकट, माप घेऊन गंधालीनं त्या कॉम्प्युटरवर सांधल्या होत्या. दोन वर्षं बिचारी त्यातच बुडालेली. पण जहाज कशानं बुडालं हे काही तिला कळेना, म्हणून तिनं खारदांड्याच्या भिकाजींना बोलावलं. त्यांचं उभं आयुष्य होड्या बांधण्यात गेलेलं.

आपण आलो याचं भिकाजींनाच नवल वाटत होतं. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः बांधलेली होडी त्यांच्या पोराला, हितेशला, घेऊन बुडाली, तेव्हापासून त्यांनी लाकडाला हात लावला नव्हता. वादळ होतं, असं अख्खा खारदांडा म्हणाला. भिकाजी गप्प राहिले. त्या गप्प राहण्यानंच त्यांना आतून पोखरलं होतं.

वजनासाठी गंधालीनं जहाजात साठ माणसं बसवली होती. राखाडी, बिनचेहऱ्याची. तिनं बटण दाबलं की जहाजात पाणी भरे, माणसं खाली जात. पुन्हा दाबलं की साठच्या साठ वल्ह्यांवर हजर! तिसऱ्या खेपेला भिकाजींना पुढून दुसरा माणूस हितेश वाटला. पाठ तीच, किंचित वाकलेली.

"बाय, थांबव ते. फट दाखव. आतून."

गंधालीनं दोन फळ्यांमधली फट मोठी केली. तोंडाशी काथ्या गच्च, वर राळ गुळगुळीत. आत मात्र पोकळ.

ओलं लाकूड फुगतं, फट आवळते, भरण आत जात नाही. आठ दिवस उन्हात सुकवायचं असतं. घाई असली की वरवर ठासून राळ फिरवतात. लाटांचा मार बसला की ते निघतं आणि पाणी आत शिरतं. बघणाऱ्याला कळत नाही, बांधणाऱ्याला कळतं.

"शत्रूनं फोडलं असेल ना काका? सगळ्यांना तेच हवंय."

"नाय. बांधणाऱ्यानं बुडवलं."

"इतकं खात्रीनं कसं सांगता?"

गंधालीनं चित्र पुन्हा लहान केलं. पडद्यावरची माणसं जागेवर येऊन बसली होती.

"नारळी पुनवेनंतर पोराला सगल्यांच्या आधी दर्यात जायचं होतं. मी चार दिवसांत फटी भरल्या. ओल्याच."

गंधालीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. "घरी सोडू, काका?"

"सोड. हितेशच्या आयला सांगायचंय. सतरा वर्षं ती दर्याला शिव्या घालते."