दंडावरची सूज

ताईच्या बाहीवर मांजराचा एक केस होता — पांढरा, टोकाला जरासा वाकलेला — आणि तो पाहूनही आपल्याला शिंक येत नाही, याचा धाकटीला संताप येत होता. मागच्या वर्षी एवढा केस पुरला असता. डोळे चुरचुरले असते, गळ्यावर गांध्या उठल्या असत्या, आणि थोरल्या बहिणीला चार हात लांब बसावं लागलं असतं. आता ताई खेटून बसली होती.

सुई टोचली की अर्धा तास दवाखान्याच्या या बाकावर बसायचं, दंड चोळायचा नाही. मांजराचाच अंश थोडाथोडा वाढवत टोचायचा, म्हणजे शरीर भांडायचं विसरतं. दोष केसांचा नाही, मांजर अंग चाटतं त्या लाळेचा, असं संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं तेव्हा ताई म्हणाली होती, "बघ, बिचाऱ्या केसांना उगाच शिव्या." बिचारे केस! लहानपणी ताईनेच मांजराचं पिल्लू धाकटीच्या खोलीत सोडून बाहेरून कडी लावली होती — "नाटकं करते, दुसरं काय!" — आणि दार उघडलं तेव्हा ती श्वासासाठी तडफडत होती, आणि ताई... ताई आधी पिल्लाला उचलायला वाकली. हे धाकटीने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मग ॲलर्जी हाच तिचा आडोसा झाला. ताई मांजराशिवाय राहत नव्हती, आणि मांजर असेल तिथे तिला जाता येत नव्हतं. भांडण नाही, वाईटपणा नाही, वर्षानुवर्षं दोघी दोन घरांत. पण ताईच्या घरमालकाने घर रिकामं करायला सांगितलं, आणि हे उपचार ताईनेच शोधून काढले. ताईला आपल्याकडे आणायला धाकटीच्या नवऱ्याने लगेच मान डोलावली. आजची मात्रा पचली की ताई, तिची कपाटं आणि मांजर, सगळं आपल्या घरी... नाही म्हणायला कारणच उरणार नव्हतं. सूज मोठी आली तर मात्रा कमी करतात, हे मात्र तिला माहीत होतं.

स्वेटरच्या आत हात घालून ती दंड चोळू लागली. आधी बोटाने, मग नखाने. ऊठ ना गं भवाने, नको तेव्हा बरी उठायचीस...

"काय करतेयस?" ताईने मनगट धरलं. "चोळू नका म्हणून सांगितलंय ना?"

"खाजतंय."

"काही खाजत नाही."

सिस्टर आल्या. दंडावर पट्टी ठेवून त्यांनी सूज मोजली. वाटाण्याएवढीसुद्धा नव्हती. "छान! शरीराने मानलं की हो." मानलं? कुणाला विचारून? मेला घरभेदी दंड. जे तोंडाने कधी जमलं नाही ते इतकी वर्षं कातडी बोलत होती, आणि आता तीही फितूर.

"काही त्रास होतोय?" सिस्टरनी नेहमीसारखं विचारलं.

"छे, काही नाही," ताई पर्स उचलत म्हणाली.

"होतोय," ती म्हणाली.

सिस्टरनी दंड पुन्हा पाहिला, गळा पाहिला, पापण्या पाहिल्या. "कुठे, सांगा ना."

ताई हसू दाबून बघत होती. नाटकं, हा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता. दाखवायला अंगावर एक गांधी नव्हती. तरी धाकटी घाबरली नाही. छातीत नुसता राग होता, लख्ख, श्वासाला कुठेही न अडवणारा... आणि आता त्याला तोंडाखेरीज दुसरी वाट उरली नव्हती.