सेनापतीचा भाला आणि शर्टाची कॉलर

मी भाला बोलतोय. हसू नका. वीतभर असलो, पितळेचा असलो आणि या घडीला माझ्या टोकाला पांढरा दोरा अडकलेला असला, तरी भालाच आहे. तोही ऐऱ्यागैऱ्याचा नाही, देवांच्या सेनापतीचा, कार्तिकेयाचा. सहा तोंडं, बारा हात, बसायला मोर, झेंड्यावर कोंबडा आणि उजव्या मुठीत मी. उरलेल्या अकरा हातांत काय आहे ते मला विचारू नका. मी असताना तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

माझा जन्म ओताऱ्याच्या भट्टीतला. मूर्ती आधी ओतली आणि मला नंतर, वेगळं. "भाला काढता-घालता यायला हवा," ओतारी म्हणाला, "नाहीतर मूठ घासायची कशी? आत काळं साचतं." गिऱ्हाईक आलं की तो मला उजेडात धरून सांगायचा, "बुद्धी अशी असावी बघा. दांड्यासारखी लांब पोचणारी, पात्यासारखी रुंद, टोकासारखी तीक्ष्ण." ऐकून मी फुगून जायचो. पुढे ज्या घरात गेलो तिथे दोन शिंपी भाऊ राहत होते आणि बुद्धीचा विषय तिथे फारसा निघत नसे.

थोरला कापायचा, धाकटा शिवायचा. थोरल्याने मशीनला पाय लावला की सुई मोडलीच म्हणून समजा. धाकट्याच्या हाती कात्री दिली तर सरळ रेघेवरूनही तो भलतीकडे जायचा. पण दोघांच्या हातून निघालेली विजार घातली की पोक काढून चालणारा माणूसही ताठ व्हायचा. काजं-बटणं थोरल्याच्या बायकोकडे. धाकटा तिला वहिनी म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा शाळेत जात होता. त्याचं जेवणखाण, ताप, अभ्यास, सगळं तिनेच पाहिलं.

देवही तिचाच. रोज सकाळी ती मला मुठीतून उपसायची, लिंबाची फोड घासायची, लख्ख पुसून परत बसवायची आणि देवाला दम द्यायची, "आईने दिलेलं शस्त्र आहे, नीट धर हो." खरंच, सेनापतीला मी त्याच्या आईकडूनच मिळालो. सहा कृत्तिकांनी त्याला दूध पाजून वाढवलं, म्हणून त्याला सहा तोंडं. इथे एकाच तोंडाचा दीर वाढवताना वहिनीच्या नाकी नऊ आले होते.

घराला दृष्ट लागली ती एका वकिलाच्या कोटामुळे. काळा कोट, मापात चोख. तो घालून वकिलाने न्यायाधीशांसमोर उजवा हात उचलला आणि बाही कोपरापाशी अशी पिळली, की हात उलटा बसवलाय असं वाटावं. दोन्ही बाह्या डाव्या!

"कापताना कापड दुमडून कापतात, दादा!" धाकटा ओरडला. "दोन्ही डाव्याच कापल्यास."

"मी बरोबर कापलं. तूच एक उलटी करून लावलीस. डोळे आहेत की बटणं?"

मी फळीवरून सगळं पाहत होतो. पण कापड दोन्ही अंगांनी सारखंच काळं, त्यामुळे चूक कोणाची हे सहा तोंडांच्या देवालाही सांगता आलं नसतं. कोटावरून भांडण कात्रीवर गेलं, कात्रीवरून लहानपणी फुटलेल्या पाटीवर, आणि शेवटी "तुझ्यावाचून माझं काही अडत नाही" इथवर पोचलं. "माझं तर मुळीच नाही," दुसरा म्हणाला. झालं, वाटणी ठरली.

आता वाटणी करायला कोणाला बोलवावं? त्याच वकिलाला! हे सुचायला हेच दोघे हवेत. आणि तोही तोच कोट घालून आला, म्हणजे जखम ताजी राहावी. टेबल थोरल्याला, मशीन धाकट्याला. कात्र्या थोरल्याला, सुया धाकट्याला. तीन पानी आरशाची दोन पानं इकडे, एक पान तिकडे आणि भरपाईला इस्त्री. मग त्याची नजर फळीवर गेली.

"देव एकच आहे, वकीलसाहेब," वहिनी घाईने म्हणाली. तिला वाटलं, इथे तरी अडेल.

वकिलाने चष्मा पुसला, पुढे झाला, मला चिमटीत धरलं आणि ओढलं. मी आपला सुळकन बाहेर! "मूर्ती एक नग, भाला एक नग," तो म्हणाला. "मिटलं."

आमच्याकडे तुकडे करायचे ते असुराचे. माझ्या घावाने त्याचे दोन झाले तेव्हा एकाचा मोर झाला, दुसऱ्याचा कोंबडा, आणि देवाने दोघांनाही जवळ ठेवून घेतलं. एकावर बसला, दुसऱ्याला झेंड्यावर घेतलं. इथे सख्खे भाऊ वेगळे झाले आणि कोणी कोणाकडे बघेना.

धाकट्याने रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, एक खोली घेतली. मला त्याने दोऱ्याच्या रिकाम्या रिळात उभं केलं. रोज एक फूल, दोन मिनिटं डोळे मिटून नमस्कार. देवाशिवाय नुसती माझी पूजा! खरं सांगतो, माझं डोकं जरा फिरलंच. पण एकदा कॉलर उलटवताना तिचं टोक बाहेर निघेना. कात्रीने काढावं तर कात्र्या सगळ्या समोर, आणि कापण्यापुरती उसनी आणलेली त्याने परत दिलेली. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मला हात जोडले, "माफ कर रे बाबा," म्हणाला आणि मला कॉलरीत खुपसलं.

मी! असुराला फाडणारा! अपमानाने लाल होणार होतो, तेवढ्यात ते टोक बाहेर आलं. असं रेखीव, असं कडक, की मीच बघत राहिलो. तेव्हापासून ते काम माझंच. सांगायला लाज वाटते, पण मला आवडायला लागलं होतं.

बाकी धंद्याची बोंब होती. धाकट्याच्या विजारींचा एक पाय दुसऱ्याच्या पुढे चालायचा. समोर थोरल्याचे सदरे शिवणीपेक्षा टाचण्यांवर जास्त उभे असायचे. एक गिऱ्हाईक तिथे खुर्चीत बसलं आणि "अगं आई गं" करून उठलं, ते मला रस्त्यापलीकडे ऐकू आलं. देवाच्या रिकाम्या मुठीत थोरल्याने खुणेची पेन्सिल खोवून ठेवली होती. सेनापती हिशेबनीस झाल्यासारखा दिसायचा.

रस्ता ओलांडायची ती एकटी वहिनी. धाकट्याचा डबा आणायची, काजांचे कपडे न्यायची.

"समोर काय चाललंय?" धाकटा विचारायचा. "म्हणजे मला काय करायचंय. सहज."

"तेही सहजच विचारतात," वहिनी म्हणायची. "दोघंही सहज मरा आता."

आणि मग धाकट्याला लांबच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालं. दिवसभर नुसते खिसे शिवायचे, कापायला दुसरी माणसं. त्याने सामान बांधलं. मला एका चिंधीत गुंडाळून, टोक तेवढं बाहेर ठेवून, पिशवीत सगळ्यात वर ठेवलं. वहिनी डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"कधी?"

"दुपारची गाडी आहे."

"त्यांना सांगितलंत?"

"त्याला काय सांगायचं? सुटलो म्हणेल."

ती स्टुलावर बसली. "भावजी, मी आले तेव्हा तुम्हाला शर्टाची बटणं लावता येत नव्हती. माझं स्वतःचं पोर जायला निघावं तसं होतंय मला. जाऊ नका."

धाकटा सामानाची दोरी उगाच आवळत राहिला. "दर वेळी मीच नमतं घ्यायचं का, वहिनी? त्याने एकदा तरी यावं. एकदा. नुसतं दारापर्यंत."

वहिनी डबा तसाच ठेवून उठली आणि तरातरा समोर गेली. पिशवीच्या तोंडातून मला सगळं दिसत होतं. ती दुकानात शिरली, फळीवरचा देव पेन्सिलीसकट उचलला, काखोटीला मारला आणि रस्त्यावर उतरली.

"अगं! देव कुठे नेतेस? अगं ए!" थोरला गळ्यात टेप, हातात खडू, पायात काही नाही, असा तिच्यामागे धावला. एक गाडी करकचून थांबली. गाडीवाल्याने थोरल्याचा उद्धार केला. वहिनीने मागे वळूनही पाहिलं नाही. तिने देव धाकट्याच्या मशीनवर आणून ठेवला. थोरला उंबऱ्यापाशी येऊन थांबला. पुढे पाऊल पडेना.

"देव परत आण," तो धापा टाकत म्हणाला.

"नाही आणणार. हाच देव एकदा रुसून डोंगरावर जाऊन बसला होता, ठाऊक आहे ना? 'आम्ही मोठे, आम्ही कशाला जाऊ' असं म्हणाले का त्याचे आईवडील? डोंगर चढून गेले! अहो, तुम्हाला नुसता रस्ता ओलांडायचा होता."

थोरल्याची नजर बांधलेल्या सामानावर गेली आणि तो पांढरा पडला. मग त्याने घाईघाईने दुसरीकडे, खुंटीवरच्या विजारीकडे पाहिलं.

"ही कोणी कापली?"

"मी."

"दिसतंय."

"आणि तुझ्याकडचा तो निळा सदरा? शिवलाय की डकवलाय?"

मी मनात म्हटलं, गेलं! पुन्हा पाटीपर्यंत जाणार आता.

"डकवलाय," थोरला म्हणाला. "मला नाही जमत रे. तुझ्याशिवाय काहीच जमत नाही. नको जाऊस." आणि उंबरा ओलांडून आत आला, स्टुलावर बसला आणि टेपाने डोळे पुसायला लागला.

"मला तरी कुठे जमतंय, दादा," धाकटा म्हणाला आणि त्याच्या शेजारी जमिनीवरच बसला.

इतका वेळ खंबीर उभ्या असलेल्या वहिनीने तेव्हा कुठे हंबरडा फोडला. रडता रडताच दोघांना शिव्या घातल्या, डबा उघडला आणि गाडी सुटून जाईपर्यंत दोघांना उठू दिलं नाही.

टेबल आता इकडेच आणलंय. सकाळी मी देवाच्या मुठीत, दिवसभर कॉलरीत, संध्याकाळी पुन्हा मुठीत. टोक बोथट झालंय. परवा ओतारी आला होता, धार लावून देतो म्हणाला. वहिनीने नको म्हटलं, कापड फाटेल.

गिऱ्हाइकं मात्र अजून अंगावर टाचण्या लावलेल्या अवस्थेत देवापुढे हात जोडतात आणि हळूच म्हणतात, "माझ्या शत्रूचा नाश कर." मी कान देऊन ऐकतो. कोण शत्रू, कुठे राहतो, हेही ते सांगतात. बहुतेकांचा शत्रू भाऊ असतो, मेहुणा असतो, नाहीतर समोरच्या दारातला शेजारी. एवढ्यासाठी सेनापतीला मोरावरून उतरवू नका हो. चपला घाला आणि जा.