बदरुन्निसासाठी रिव्हॉल्व्हर

जमाल हसवारे गल्फमधल्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये डब्यातल्या बांगड्याचे काटे काढत बसला होता, तेव्हा बायकोने गावाहून दोन फोटो पाठवले. एका फोटोत काळं रिव्हॉल्व्हर, दुसऱ्यात रुपेरी. खाली लिहिलं होतं, ‘यातलं कुठलं घेऊ? लवकर सांगा.’

पहिल्यांदा त्याला वाटलं, तिचा फोन कुणीतरी हॅक केला. मग वाटलं, कुणाचा तरी मेसेज चुकून पुढे आला. बदरुन्निसा फोटो पाठवायची नाही असं नव्हतं. सव्वीस वर्षं तो गल्फमध्ये आणि ती गावी कोंडशेतला, त्यामुळे घरातली एकूणएक गोष्ट फोनवरच ठरलेली. फरशी, फ्रीज, विहिरीचा पंप, मुलाच्या निकाहची शेरवानी. ती दोन फोटो पाठवायची, तो एक सांगायचा. पण हे काय?

त्याने दोन्ही फोटो पुसून टाकले. परक्या मुलखात असल्या गोष्टी फोनमध्ये असलेल्या बऱ्या नव्हेत. डबा तसाच ठेवून तो कॉम्प्रेसरच्या मागे गेला आणि तिला फोन लावला.

“बदरू, काय पाठवलंस हे?”

“रिव्हॉल्व्हर. लायसन आलं माझं परवा, कलेक्टर ऑफिसातून.”

“नाव घेऊ नकोस फोनवर!”

“मग काय म्हणू?”

जमालने इकडेतिकडे पाहिलं. “मिक्सर म्हण.”

“मिक्सरला कुठे लायसन लागतं?” ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, “ऐका. सहा गोळ्यांचं, लहानसं, पर्समध्ये मावेल असं पाहिजे. मुंबईच्या दुकानात दोन दाखवलीत. काळं हलकं आहे, अर्ध्या किलोच्या आसपास. रुपेरी साडेसातशे ग्रॅम. लायसनला मुदत आहे, तेवढ्यात घ्यावं लागेल. तुम्ही लोखंडातले माणूस, मला यातलं काही कळत नाही.”

“पण तुला ते कशाला?”

“सरपंच आहे ना मी. रेतीवाल्यांचं चाललंय थोडं. विशेष काही नाही. पोलिसांनीच सांगितलं अर्ज करा म्हणून. बरं, ग्रामसेवक आलेत, ठेवते.”

जमाल परत डब्याकडे आला. बदरुन्निसा सरपंच आहे हे त्याला माहीत होतं. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा ‘राहा उभी’ असं त्यानेच फोनवर सांगितलं होतं. ती सह्या करत असेल, झेंडावंदनाला उभी राहत असेल, बाकीचं चुलतभाऊ बघत असतील, असं तो धरून चालला होता. खाडीत सक्शन पंप लावून रेती उपसणाऱ्यांशी तिचा काय संबंध, ते त्याला कळेना. लायसन एका दिवसात मिळत नाही. अर्ज, पोलीस चौकशी, चालवायचं ट्रेनिंग, म्हणजे सहा-आठ महिने तरी गेले असतील. आणि या आठ महिन्यांत ती रोज त्याच्याशी बोलत होती. आंब्याला मोहर किती, कौलं बदलली की नाही, सगळं बोलत होती.

संध्याकाळी कॅम्पकडे परतताना तो कंपनीच्या बसमध्ये अक्रमच्या मागच्या सीटवर बसला. अक्रम महाडचा. गल्फमध्ये ड्रायव्हर व्हायच्या आधी तो तिकडे एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असायचा. या बाबतीत जमालच्या ओळखीतला तो एकच जाणकार. जमालने पुढे वाकून हळूच विचारलं, रिव्हॉल्व्हर हलकं बरं की जड.

“कुणासाठी रे?” अक्रमने आरशातून विचारलं.

“गावचा एक आहे ओळखीचा.”

“हलकं असेल ते जवळ बाळगायला सोपं. पण गोळी सुटली की हात मागे फेकतं. जड असेल त्याचा झटका कमी. पण जड असलं की माणूस चार दिवस बरोबर नेतो आणि पाचव्या दिवशी कपाटात ठेवतो.”

“मग कुठलं घ्यावं?”

“मागचा घोडा, गोळीवर आपटतो तो, बाहेर आहे की झाकलेला?”

जमालने डोळे मिटून पुसलेले फोटो आठवले. “हलक्याचा बाहेर. जडाचा झाकलेला.”

“बाहेरचा घोडा पिशवीतून काढताना अस्तरात अडकतो. झाकलेला बरा. पण झाकलेला असला की दर खेपेला चाप पूर्ण ओढावा लागतो, आणि तो कडक असतो. त्या माणसाच्या बोटात जोर किती?”

बदरूच्या बोटात जोर किती? सव्वीस वर्षांतल्या सगळ्या सुट्ट्या जोडल्या तर तो तिच्याजवळ जेमतेम चार वर्षं राहिला असेल. तिच्या हातच्या भाकरीचा आकार त्याला ठाऊक होता, पण बोटांचं काही सांगता येईना.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

“मग त्यालाच विचार,” अक्रम म्हणाला आणि सिग्नलला ब्रेक दाबला.

दुसऱ्या दिवशी जमालने आपल्याला जमेल ते केलं. रिव्हॉल्व्हरच्या आकाराचं काही कापायची त्याची छाती नव्हती. कुणी बघितलं असतं तर नोकरी तर गेलीच असती, वर काय काय झालं असतं कोण जाणे. त्याने भंगाराच्या ढिगातून पट्टी काढली आणि तिचे दोन साधे चौकोनी तुकडे कापले, तळहाताएवढे. कडा ग्राइंडरवर घासल्या. वजनकाट्यावर एक पाचशे ग्रॅम, दुसरा साडेसातशे. पहिला त्याने जुन्या मोज्यात घालून कव्हरऑलच्या आत कमरेला बांधला आणि कामाला लागला.

तासाभरात विसरायला होईल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही. वाकलं की तुकडा बरगडीला लागायचा. बसलं की मांडीत रुतायचा. हात आपोआप तिकडे जायचा, आहे ना बघायला. आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. समोर येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे तो बघू लागला. नेपाळी वेल्डर पाना घेऊन आला, तर आधी पान्याकडे नजर. क्रेनवाला मागून आला तर जमाल दचकून वळला. दुसऱ्या दिवशी जड तुकडा बांधला, तेव्हा तर तो एका बाजूला कलून चालायला लागला. सुपरवायझर रोनितने हाक मारली, “जमालभाई, कमर में दर्द है क्या? छुट्टी ले लो, यार.”

“नाही, नाही. दुखणं खलास, ठीक आहे,” जमाल म्हणाला.

दोन दिवस झाले तरी कुठलं घ्यावं ते कळेना. उलट गोंधळ वाढला. लोखंडाचा नुसता तुकडा, कुणी त्याच्या वाटेला जात नव्हतं, तरी तो दोन दिवस जीव मुठीत धरून फिरला. बदरू ते रोज बाळगणार होती. आणि म्हणे, विशेष काही नाही.

शनिवारी त्याने भंगाराचा गेटपास करून घेतला, तुकडे पिशवीत टाकले आणि शारजाची बस धरली. मुलगा फहद तिथल्या अल नहदा भागात राहत होता, बायको यम्ना आणि सात वर्षांची मुलगी फिझा यांच्यासोबत. जमालच्या मनात आलं, आपण पुरुषाच्या कमरेवर तोलून बघतोय. हे बाईच्या पर्समध्ये जायचंय, तर बाईलाच विचारलेलं बरं.

चहा झाल्यावर त्याने दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. फिझाने जड तुकडा उचलला. “दादा, व्हॉट इज धिस? इट्स सो हेवी!”

“वर्कशॉपमधलं आहे, बेटा. ठेव खाली. यम्ना, एक काम कर. आज हा जड तुझ्या पर्समध्ये ठेव आणि बाजार करून ये. उद्या दुसरा. मला सांग कसं वाटतं ते.”

यम्नाने काही विचारलं नाही. जमालला खरं तर तिथेच कळायला हवं होतं. सासरा लोखंडाचा तुकडा देऊन म्हणतो पर्समध्ये ठेव, तर कुठली सून ‘कशाला’ म्हणून विचारणार नाही? तिने तुकडा ठेवला, फिझाला घेऊन खालच्या सुपरमार्केटात गेली, पाऊण तासाने परत आली आणि खांदा चोळत सोफ्यावर बसली.

“अब्बा, पर्समध्ये याच्याबरोबर दुसरं काही ठेवता येत नाही,” ती म्हणाली. “पैसे काढायला गेले की हात आधी यालाच लागतो. खरं बाहेर काढायचं असेल तर वेगळा कप्पा लागेल. आणि खांदा दुखतो. अम्मींना तर त्या टिपरनंतर उजव्या हाताने जड उचलायचंच नाही सांगितलंय, मग हलकंच...”

ती मध्येच थांबली.

“कुठला टिपर?” जमाल म्हणाला.

यम्नाने फहदकडे पाहिलं. फहदने टीव्हीचा आवाज बंद केला.

“अम्मी बाथरूममध्ये पडली होती,” जमाल म्हणाला. “गेल्या रमजानच्या आधी. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. मला प्लास्टरचा फोटो पाठवला होता.”

“प्लास्टर खरं होतं, अब्बा,” फहद म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बदरुन्निसाने खाडीतले पंप बंद पाडायला ठराव केला होता, तहसीलदाराला आणून दोन पंप जप्त करवले होते. त्यानंतर एका दुपारी ती पंचायतीतून स्कूटीवर घरी येत असताना नंबर नसलेला टिपर मागून आला आणि तिला रस्त्याच्या कडेला दाबत गेला. ती शेतात पडली. पोलिसांत तक्रार झाली, कुणी सापडलं नाही. फहदला सगळं माहीत होतं. यम्नाला माहीत होतं. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“सांगून तुम्ही काय म्हणाला असतात?” फहद म्हणाला. “राजीनामा दे म्हणाला असतात.”

“हो, म्हणालो असतो!”

“अम्मीला ते नको होतं.”

जमाल बाल्कनीत गेला. खाली दुबईकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. रागावायचं कुणावर, हेच त्याला समजेना. मुलावर, सुनेवर, बायकोवर, की टिपरच्या त्या ड्रायव्हरवर, ज्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं? त्याने फोन लावला.

“हात कुठे मोडला होता तुझा?”

पलीकडे तिने पंखा बंद केला. मग ती म्हणाली, “यम्नाने सांगितलं वाटतं. बरं झालं. मला कसं सांगावं ते सुचत नव्हतं.”

“म्हणून ते फोटो पाठवलेस?”

“फोटो कुठलं घ्यायचं ते विचारायलाच पाठवले. पण म्हटलं, विचारलं की तुम्ही कशाला म्हणाल, मग सांगेन. तुम्ही आधीच मिक्सर म्हण म्हणालात, मग ‘कशाला’ म्हणालात तेव्हा माझाच धीर झाला नाही.”

“राजीनामा दे, बदरू.”

“नाही.”

“ऐक माझं. खलास. उद्याच दे.”

“नाही म्हणाले ना.” आवाज चढला नव्हता, पण असा ‘नाही’ तिच्या तोंडून त्याने कधी ऐकला नव्हता. तीच म्हणाली, “हलकं की जड, तेवढं सांगा.”

आणि जमालने, आपण हे काय करतोय असं मनात म्हणत, तिला विचारायला सुरुवात केली. मनगट पूर्ण वळतं का? कळशी उचलते, पण बरणीचं झाकण फिरवताना कळ येते. दुकानात रिकाम्याचा चाप ओढून बघितलास? हलक्याचा ओढला. जडाचा एका हाताने नाही ओढला गेला, दोन्ही हात लावावे लागले. जमालने डोक्याला हात लावला. मनगटाला झटका सोसायचा नाही, म्हणून जड पाहिजे. बोटात जोर नाही, म्हणून हलकं पाहिजे.

“मी येतो,” तो म्हणाला. “बरोबर जाऊ दुकानात. तोवर रोज मऊ चेंडू दाबत जा उजव्या हाताने.”

“येऊन काय करणार? माझ्या मागे स्कूटीवर बसणार?”

“बसेन.”

रोनितने दहा दिवसांची रजा दिली. तीन आठवड्यांनी जमाल उतरला तोवर बदरुन्निसाचं बोट बरंच तयार झालं होतं. मुंबईच्या दुकानात तिने भिंतीकडे तोंड करून रुपेरी रिव्हॉल्व्हरचा चाप एका हाताने सहा वेळा ओढला. सहाव्या वेळी ओठ दाबावे लागले, पण ओढला. जमालने ते हातात घेतलं, सांधे पाहिले, फिरणारं नळकांडं हलवून बघितलं. काम चांगलं होतं. एवढं त्याला नक्की कळलं. दुकानदाराने किंमत सांगितली तेव्हा तो सवयीने मनात त्याचे दिरहम करायला लागला आणि मध्येच त्याने ते सोडून दिलं. पर्सला वेगळा कप्पा यम्नाच्या सांगण्यावरून मोच्याकडून शिवून घेतला.

उरलेले दिवस तो खरोखरच तिच्या मागे स्कूटीवर बसून पंचायतीत गेला. दोघांच्या मध्ये पर्स असायची आणि ती त्याच्या पोटाला टोचायची. खाडीच्या वळणावर दोन टिपर उभे असायचे. एके दिवशी तिथल्या एका माणसाने कपाळाला हात लावून सलाम केला. बदरुन्निसाने मान हलवली आणि स्कूटी पुढे नेली.

“कोण तो?” जमालने विचारलं.

“त्यांच्यातलाच.”

“सलाम का केला?”

“मला काय माहीत?” ती म्हणाली.

तो सलाम अदबीचा होता की दुसरा कसला, हे जमालला घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही. नंतरही नाही.

मुसफ्फाला परतल्यावर तो रोज संध्याकाळी आधी एकच गोष्ट विचारू लागला. “आज बरोबर होतं?” ती ‘होतं’ म्हणाली की तिला ते रोज लागतं, हेच त्याला पुन्हा आठवायचं. एका सोमवारी ती म्हणाली, “नाही नेलं आज. ग्रामसभा होती. बायका पोरांना कडेवर घेऊन येतात, कुणी पर्समध्ये हात घातला तर? कपाटात कुलपात ठेवलं.”

जमालला वाटलं, तिला रागवावं. मग वाटलं, शाबास म्हणावं.

“पंप बंद आहेत?” त्याने विचारलं.

“एक परत सुरू झालाय. उद्या तहसीलदाराकडे जायचंय.”

“बरं,” जमाल म्हणाला. “जेवायला काय केलंस?”

“बोंबील,” ती म्हणाली. “तुम्ही?”