भिंतीवरची टोपी

"ठेव ती चादर खाली! ठेव म्हणते ना!" चोना दारातूनच ओरडली.

डेल्फिनाने चादरीचा एक कोपरा गादीखाली खोचला होता आणि दुसरा हातात होता. ती दचकली खरी, पण हातातला कोपरा खोचल्याशिवाय काही तिने सोडला नाही.

"सवय गं," ती म्हणाली.

"सवय गेली खड्ड्यात. तू पाहुणी आहेस इथं. पाहुण्यांनी कसं, अंथरूण तसंच टाकायचं, टॉवेल जमिनीवर भिरकवायचे आणि वाळूत जाऊन उताणं पडायचं. इतकी वर्षं बघितलंस ना? मग कर की तसं!"

"टॉवेल भिरकवायला गेले होते. हातात धरला, आणि घडी करून ठेवला बघ."

चोना खो खो हसली. दोघींनी याच हॉटेलात अर्धं आयुष्य खोल्या झाडण्यात घालवलं होतं. वसंतात डेल्फिना निवृत्त झाली, तेव्हा खोल्या झाडणाऱ्या सगळ्याजणींनी मिळून तिला ही भेट दिली होती: उन्हाळा सरताना, गर्दी ओसरल्यावर, समुद्राकडच्या खोलीत नवऱ्यासह चार दिवस सुट्टी. डेल्फिनाने त्यासाठी फुलाफुलांचा नवा झगा घेतला होता. आयुष्यात इतका भडक कपडा तिने कधी अंगाला लावला नव्हता, पण आरशात पाहिल्यावर आवडला होता.

"बाई," बाल्कनीतून आवाज आला. तिचा नवरा उबाल्दो गवती टोपी घालून तिथे खुर्चीत बसला होता. "तुमची खोली चुकली वाटतं. ही आमची आहे. पण बसा हवं तर, संकोच करू नका."

चोनाचं हसू तोंडातच राहिलं. डेल्फिना मात्र शांतपणे उशीचा अभ्रा सारखा करत राहिली.

उबाल्दोचं विसरणं तसं जुनंच होतं. आधी शेळ्यांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची. बायको मात्र डोक्यात पक्की होती. संध्याकाळी ती कामावरून आली की दारातच "आलीस तू, फिना?" म्हणायचा, आणि ती थकलेली तशीच, कपडेसुद्धा न बदलता, स्वयंपाकाला लागायची. ती निवृत्त होऊन कायमची घरी आली, आणि नेमका तेव्हापासून तो तिला 'तुम्ही' म्हणू लागला. काय नशीब बघा, आता कुठे एकमेकांसाठी वेळ मिळाला, तर हा आजार असा झपाट्याने वाढला. मध्यंतरी तो भर उन्हात ज्वालामुखीच्या काळ्या खडकांकडे चालत निघाला होता. एका धनगराने ओळखलं म्हणून परत आला.

त्या प्रकारानंतर शेजारच्या बेटावर, लास पाल्मास शहरात राहणाऱ्या मुलीने, युरेनाने, तिकडच्या एका वृद्धाश्रमात जागा मिळवली. आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"आई, बाबा तुला ओळखतच नाहीत," ती फोनवर म्हणाली होती. "तू जेवू घातलंस काय आणि तिथल्या नर्सने घातलं काय, त्यांना काय फरक पडणार? तुझे हाल मला बघवत नाहीत गं."

पोरगी चुकीचं काही बोलत नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं. डेल्फिनाने मनाशी एक पैज लावली. या सुट्टीत त्याने एकदा, फक्त एकदा आपल्याला 'तू' म्हटलं, तर त्याला घरी न्यायचं. नाही म्हटलं, तर युरेनाला हो म्हणून मोकळं व्हायचं. हे तिने चोनालासुद्धा सांगितलं नाही. असल्या पैजा माणूस एकट्यानेच लावतो. आज चौथा दिवस होता, आणि ती अजून 'बाई'च होती.

न्याहारी झाल्यावर दोघं समुद्रावर आली. वारा होताच. फुएर्तेव्हेंतुरा बेटावर वाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही, बोलतात ते पाहुणे, आणि तेही दोन दिवसांनी दमून गप्प बसतात. किनाऱ्यावर माणसं अशी थोडीच होती. जी होती ती काळ्या दगडांच्या गोल भिंतींआड आडवी झाली होती. वाऱ्याला पाठ, समुद्राकडे तोंड, आणि आत दोघं-तिघं बसतील एवढी ऊब.

उबाल्दोने उभा जन्म दगडच रचले होते. शेतांचे बांध, शेळ्यांचे वाडे, सगळं मातीचा लपका न लावता, दगडावर दगड बसवून. आणि दर वसंतात इथे एक गोल भिंत, डेल्फिनासाठी. हिवाळ्याच्या लाटा ती पाडायच्या, तो पुन्हा उभी करायचा. दुपारच्या सुट्टीत ती निळ्या गणवेशात, हातात चपला घेऊन वाळूतून पळत यायची. तो शेळीचं चीज आणि पाव घेऊन बसलेला असायचा. दोन घास खाऊन, मांडीवरचे तुकडे झटकून ती परत जायची. त्यांचा संसार घरात झाला म्हणतात, पण सुखाचा भाग बहुतेक त्या भिंतीच्या आतच झाला. "तुला पूर्ण दिवसाची सुट्टी मिळाली ना," तो म्हणायचा, "की दिवसभर बसू इथं. उठायचंच नाही."

भिंत रिकामी ठेवून कुठे जायचं झालं, तर तो डोक्यावरची टोपी काढून भिंतीवर ठेवायचा आणि वर एक दगड. टोपी दिसली की जागा धरलेली. मग गावातलं कोणी तिथे बसणार नाही, धनी कधी का परत येईना. एकदा एका पाहुण्याने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे ती टोपी 'सापडली' म्हणून हॉटेलात जमा केली होती. ती सोडवून आणल्यावर डेल्फिनाची सगळ्यांनी महिनाभर टर उडवली होती.

यंदा भिंत नव्हतीच. दगड वाळूत विखरून पडले होते. डेल्फिनाने उघड्यावरच टॉवेल अंथरला. वाळू डोळ्यांत जाऊ लागली, झगा फडफडू लागला. उबाल्दो थोडा वेळ कपाळाला आठ्या घालून बसला, मग उठला आणि एक दगड उचलला.

डेल्फिना श्वास रोखून बघत राहिली. त्याने दगड हातात फिरवला, खाली टेकवला, हलवून पाहिला. मग दुसरा. जेवताना चमचा कुठल्या हातात धरायचा हे विसरणारा माणूस, त्याचे हात काहीच विसरले नव्हते. तिने पुढे होऊन एक दगड दिला.

"हा नको, बाई. गोल आहे. बसायचा नाही."

"मग हा?"

"हां. हा चालेल. तुम्हाला कळतं की!"

एवढ्याशा शाबासकीने तिला रडू आलं. तोंड फिरवून तिने ते वाऱ्यावर ढकललं.

ऊन डोक्यावर येईपर्यंत भिंत उभी राहिली. आत त्याने एक सपाट दगडही टेकवला, नेहमीसारखा, बसायला. डेल्फिना टॉवेल घेऊन आत शिरायला गेली, तर तो आडवा आला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, भिंतीवर ठेवली, वर दगड ठेवला.

"रागावू नका. जागा धरलेली आहे."

"कुणासाठी?"

"बायकोसाठी. इथं हॉटेलात कामाला आहे ती. येईलच आता. फार दमते हो."

"मी बसले तर तिला चालेल."

"तिला चालेल," उबाल्दो म्हणाला. "ती कुणालाही जागा देईल. मला नाही चालणार."

डेल्फिना याच गावची होती. टोपी ठेवलेल्या भिंतीत ती कधी शिरली नव्हती, आज तरी कशी शिरणार? ती बाहेर, वाऱ्याच्या बाजूला बसली. तिला त्या बाईचा हेवा वाटला. निळ्या गणवेशातल्या, पळत येणाऱ्या त्या बाईचा. ती आपणच होतो, हे ठाऊक असूनही वाटला.

उबाल्दो हॉटेलच्या मागच्या दाराकडे डोळे लावून बसला होता. मधेच त्याने खिशातून न्याहारीच्या टेबलावरचा पाव काढला, त्यात चीजचा तुकडा होता. त्याने पाव मोडून अर्धा तिच्यापुढे धरला.

"घ्या. हा माझा वाटा. तिचा राहू दे." मग पुन्हा दाराकडे बघत म्हणाला, "आज उशीर झाला तिला. वरची बाई जाच करते फार."

डेल्फिनाने पाव घेतला. तिचं लक्ष स्वतःच्या झग्याकडे गेलं, त्यावरच्या मोठमोठ्या लाल फुलांकडे. मग मागच्या दाराकडे. आणि मग एकाएकी तिला उमगलं की वसंतात बदललं ते फक्त त्याचं डोकं नव्हतं.

"मी आलेच," म्हणत ती उठली.

धुतलेल्या चादरींच्या खोलीत चोना घड्या घालत होती.

"चोना, तुझा दुसरा गणवेश दे."

"डोकं फिरलं का गं तुझं? उन्हात बसलीस वाटतं टोपीशिवाय. परत केलास ना तू तुझा, सुटले एकदाची म्हणून?"

"दे गं. विचारू नकोस."

चोनाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने कपाट उघडलं. गणवेश ढगळ झाला. डेल्फिनाने कमरेशी पट्टा आवळला, केस मागे बांधले, आणि पाहुण्यांच्या नव्हे, कामवाल्यांच्या दाराने बाहेर पडली. चपला हातात घेतल्या. पळणं आता जमण्यासारखं नव्हतं, पण जमेल तेवढी झपझप चालली.

उबाल्दो उठून उभा राहिला.

"केवढा उशीर, फिना! कुठं होतीस तू?"

काय बोलायचं ते ती ठरवून आली होती, ते सगळं गेलं.

"खोल्या जास्त होत्या आज," ती कशीबशी म्हणाली.

"ये, बस. पाठ टेक." त्याने भिंतीवरची टोपी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. जागेची धनीण आली होती. "हा पाव घे. इथं एक बाई बसल्या होत्या सकाळपासून. भल्या होत्या. दगडसुद्धा उचलू लागल्या. आत बसू का म्हणाल्या, तर मी नाही म्हटलं. जिवाला लागून राहिलंय माझ्या."

"लावून घेऊ नकोस," डेल्फिना म्हणाली. "त्यांना कळलं असेल."

"परत कधी जायचंय?"

"जायचं नाही. सुट्टी आहे आज. पूर्ण दिवस."

"पूर्ण दिवस?" तो बघतच राहिला.

थोड्या वेळाने एक उंच पाहुणा भिंतीपाशी थांबला. तिचा गणवेश पाहून मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, खोलीत टॉवेल हवे आहेत. डेल्फिना सवयीने उठू लागली. उबाल्दोने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"आज हिला सुट्टी आहे, साहेब," तो मान ताठ करून म्हणाला. "पूर्ण दिवस."

पाहुण्याने क्षमा मागितली आणि तो गेला. तेवढ्यात युरेनाचा फोन आला.

"आई, काय ठरवलंस?"

"बाबा घरी येतायत."

"अगं पण ओळखतात का तरी ते तुला?"

डेल्फिनाने मांडीवरच्या निळ्या कापडावरून हात फिरवला. "मी कामावर असले की ओळखतात," ती म्हणाली. युरेनाला काही कळलं नाही. समजावून सांगायला पुढे खूप दिवस होते.

कामाची पाळी संपल्यावर चोना गणवेश न्यायला आली. भिंतीच्या तोंडाशी ती उभी राहिली.

"हा मला लागेल गं," डेल्फिना हळूच म्हणाली. "रोज लागेल. आणखी एक मिळाला तर बघ. हा धुवायला पडला की काय घालू?"

"आणि तुझा तो झगा?" चोनाने विचारलं. "फुलांचा?"

"तू ने. मला नाही लागायचा."

ऊन ज्वालामुखीमागे गेलं आणि वाऱ्याला गारठा आला. उबाल्दोने वाळूतून एक लहान दगड शोधून काढला आणि तिच्या पाठीमागे राहिलेल्या फटीत बसवला.

"अजून लागतोय का वारा तुला?" त्याने विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली.