आमच्या थांब्याची मोजणी

आमचे हे बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरात अजून गाडी चालवतात. जेवण वाढायला मला जरा उशीर झाला की म्हणतात, "मागचे खोळंबलेत." बाकी माणूस सरळ. इतका सरळ, की संसारात मला वळायलासुद्धा जागा मिळाली नाही.

थांबे फार झालेत, बस रखडते, अशी तक्रार प्रवाशांचीच होती. मग बस-कचेरीनं जाहीर केलं की कुठला थांबा ठेवायचा आणि कुठला काढायचा हे प्रवासीच ठरवतील. प्रत्येक मार्गाची एक समिती झाली आणि आमच्या मार्गाच्या समितीत यांना घेतलं. नियमही यांनीच सुचवला. एका गुरुवारी सकाळभर प्रत्येक थांब्यावर समितीचा एक माणूस उभा राहून बसमध्ये चढणाऱ्यांना मोजेल, आणि दहापेक्षा कमी चढले तर तो थांबा बंद. मी निर्धास्त होते. आमच्या कोपऱ्यावर रोज त्याहून जास्त माणसं चढतात, ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं.

त्या थांब्यात माझा जीव अडकलेला आहे. माझी थोरली बहीण, ताई, त्याच मार्गाच्या टोकाला वृद्धाश्रमात राहते आणि दर गुरुवारी मी तिच्याकडे जाते. पुढचा थांबा चढावर आहे. माझे गुडघे तो चढ नुसता बघूनच कुरकुरतात. थांबा गेला म्हणजे माझा गुरुवार गेला, आणि ताईकडे माझ्याशिवाय दुसरं कोणी जात नाही.

हेही जात नाहीत. आमच्या मुलीच्या लग्नात ताई चारचौघांत बोलून गेली होती, "यांना काय विचारायचं, ड्रायव्हर तर आहेत." पुढे तिनं माफी मागितली, ती मीच निरोप्यासारखी घरी आणून पोचवली. हे म्हणाले, "माझ्या मनात काही नाही." मनात सगळं होतं. तिच्या दाराशी काही गेले नाहीत.

मोजणीसाठी यांच्या वाट्याला नेमका आमचाच थांबा आला. त्या सकाळी शेजारपाजार लोटला. आपले काका उभे राहणार म्हणून समोरच्या शिक्षिकेनं रजा टाकली. कोपऱ्यावरचा शिंपी दुकान तसंच उघडं टाकून आला. कोणी खुर्च्या आणल्या, मी थर्मास भरभरून चहा आणला. थांब्यावर एवढी गर्दी मी जन्मात पाहिली नव्हती. बस आली, दार उघडलं, सगळ्यांनी अदबीनं वाट करून दिली आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले. आपला थांबा टिकलाच पाहिजे, यावर जोरदार चर्चा चालू होती, त्यामुळे बसमध्ये चढायला कोणाला सवड नव्हती. यांना उपाशी ठेवून कसं जायचं, म्हणून मीही ताईकडे गेले नाही. दुपारपर्यंत चौघे चढले. त्यांतला एक पत्ता चुकलेला होता.

"अहो, लोकांना सांगायचं नाही का?" मी घरी आल्यावर कपाळाला हात लावला.

"मोजणाऱ्यानं बोलायचं नसतं," हे म्हणाले.

समितीच्या सभेत यांनी स्वतः उभं राहून "चार" असा आकडा वाचला आणि स्वतःच आमचा थांबा बंद करावा असं सुचवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सभेत कधी तोंड न उघडणारी मी उभी राहिले. "तुम्ही चढलेले मोजले. माझा चहा प्यायला उभे राहिले ते कोण मोजणार?" आणि मग सगळी हकिकत सांगितली. कचेरीतून आलेल्या अधिकारी बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा एका गुरुवारी मोजणी घ्यायची, असं ठरलं. मोजणारा दुसऱ्या भागातला असावा आणि नेहमी जाणाराच माणूस धरावा, म्हणजे कोणी मुद्दाम चढून आकडा फुगवणार नाही, अशी अट पडली. अट कोणी घातली हे सांगायला नकोच.

दुसऱ्या मोजणीला खालच्या बाजारातला चष्मेवाला आला. मी घरोघर बजावून ठेवलं होतं, "जायचं असेल त्यानंच या, आणि आलात की चढा." चहा केला नाही. पण नेमकी शाळेला सुट्टी लागली होती आणि शिंपी तापानं फणफणला होता. माझी बस सकाळची शेवटची. ती येईपर्यंत चष्मेवाल्याच्या कागदावर आठ जण झाले होते.

"काकू, तुम्ही नऊ," तो ओशाळून म्हणाला.

ताई त्या दिवशीही खिडकीशी बसली असणार. बस आली. मी दांडी धरून कशीबशी वर चढले आणि पिशवी घ्यायला मागे वळले. पिशवी यांच्या हातात होती आणि हे पायरीवर उभे होते.

"उतरा खाली," मी म्हणाले. "आयुष्यभर खरं वागलात. आता म्हातारपणी माझ्यासाठी खोटं नको."

चष्मेवाल्यानं पेन वर धरलं. "काका, नेहमीचे की आजच्यापुरते?"

ड्रायव्हर आरशातून बघत होता. बसमागे गाड्या लागल्या, मागचे खोळंबले होते.

"दर गुरुवारी," हे म्हणाले. "मेहुणीकडे."

आणि आत येऊन माझ्या शेजारी बसले. वाटेत प्रत्येक वळणावर यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

ताई खिडकीशीच होती. यांना बघून तिनं चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"तुम्ही?"

"बसनं आलो."

ताईनं हातानं खुर्ची पुढे सरकवली. हे बसले. मग ताईनंच विचारलं, "गाडी नीट चालवली का हो त्यानं?"

झालं. वळण कसं घ्यायचं, उतारावर गाडी कशी धरायची, हल्लीची पोरं ब्रेकवर कशी उभी राहतात, हे बोलतच राहिले. ताईनं शब्द न् शब्द ऐकला, मध्ये शंकासुद्धा विचारल्या. मी पिशवीतली फळं कापत बसले.

थांबा राहिला. पुढच्या गुरुवारी यांना सर्दीनं बेजार केलं होतं, डोळे लाल, आवाज बसलेला. मी म्हटलं, "आज पडून राहा. मी जाऊन येते, ताईला सांगते."

हे दारात बसून बुटाची नाडी बांधत होते.

"मोजलंय मला," हे म्हणाले.