पॉइंट शून्य दोन

गाडी इतकी बुटकी होती, की सायलेन्सरच्या तोंडात यंत्राची नळी सरकवायला तपासनिसाला दोन्ही गुडघे टेकावे लागले. लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार. धूर तपासणीला ती तिसऱ्यांदा आली होती, आणि आधी दोन्ही वेळा त्यानेच तिला नापास केलं होतं.

"रेस द्या," तो म्हणाला.

स्टिअरिंगवर गाडीचा मालक होता, सोबत आलेल्या सासूबाईंचा जावई. हौसेने जुनी गाडी घेतली आणि महिन्याभरात तिचा कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू जाळणारा डबा, निकामी झाला. कंपनीचा डबा मिळेना. मग सासूबाईंनी बाजारातला आणून बसवून दिला. सायलेन्सरची कामं करत त्यांची तीस वर्षं गेली होती. आता त्या गाडीच्या मागे, हात पाठीशी बांधून उभ्या होत्या. अंगात डगला, बोटांवर भाजल्याचे जुने डाग.

पहिल्या खेपेला तपासनिसाने बॅटरी लावून गाडीखाली पाहिलं होतं. वेल्डिंगची रेघ शिवणाच्या टिपेसारखी एकसारखी गेली होती. असं काम त्याने क्वचितच पाहिलं होतं. शिवाय, चाचणीपुरता कुणाचा तरी चांगला डबा उसना लावायचा आणि दुसऱ्या दिवशी काढून परत करायचा, ही युक्ती गल्लोगल्ली चालते. बाईंनी ती केली नव्हती. नापास झाल्यावर वाद नाही, विनवणी नाही. फक्त आकडा विचारायच्या, पेनाने तळहातावर लिहायच्या आणि निघायच्या.

आज मात्र फेरतपासणीच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता. आज नापास, तर गाडी महिनाभर रस्त्यावर आणायची नाही.

पडद्यावर आकडा स्थिरावला. विषारी वायूची मर्यादा पॉइंट तीन टक्क्यांची. गाडीचा आला पॉइंट शून्य दोन.

"पास!" जावई दार उघडून जवळजवळ बाहेर पडलाच. "आई, तुमच्या हाताला खरंच जादू आहे!"

सासूबाई पडद्याजवळ आल्या. चष्मा वर करून त्यांनी आकडा दोनदा वाचला.

"हा डबा इतका गुणी नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"फार फार तर पॉइंट दोनपर्यंत खाली येईल. शून्य दोन कुठून येणार? साहेब, तुमच्या नळीत बाहेरची हवा शिरतेय."

"आई, अहो, पास झालोय आपण!"

"हवा पास झालीय, जावईबापू."

तपासनिसाच्या कपाळाला आठी पडली. या कामात बावीस वर्षं झाली होती. सख्ख्या भावाची गाडी आली तरी हा सोडणार नाही, असं लोक सांगायचे आणि त्यालाही ते ऐकायला आवडायचं.

"सकाळी गळती तपासली असेल ना?" बाईंनी सहज विचारलं.

मेजावर नोंदवही उघडीच होती. आजच्या तारखेपुढे 'गळती तपासली' या रकान्यात त्याची सही होती. वळणदार, घाई नसलेली सही. इतक्या वर्षांत यंत्रात कधी गळती निघालीच नव्हती, म्हणून गेले काही दिवस तो सकाळी नुसती सहीच करत होता. त्याने नोंदवही मिटली.

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. खाली बसून त्यांनी नळी बोटांतून हळूहळू ओढली. नळी धरायच्या मुठीपाशी थांबल्या आणि ती जरा वाकवली. रबराला नखाएवढी चीर गेली होती. पाठीमागे आणखी तीन गाड्यांचे मालक रांगेत उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि चीर फक्त तपासनिसाला दाखवली.

त्याने चाकू आणला. चिरेपर्यंतचं टोक कापून टाकलं, नळी पुन्हा घट्ट बसवली. मग टोकाला टोपण लावून गळती तपासली. यंत्राने होकार दिला, तेव्हा तो पुन्हा गुडघ्यांवर बसला.

पॉइंट तीन चार.

जावयाने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. तपासनिसाचा हात कागदावर थांबला. चार शतांश. बाई बोलल्या नसत्या, तर एव्हाना गाडी फाटकाबाहेर असती.

"लिहा साहेब," बाई म्हणाल्या. "हा खरा आकडा. डबा इंजिनापासून लांब बसलाय, हवा तसा तापत नाही. वीतभर पुढे घेते."

"महिनाभर गाडी बंद राहील."

"राहू दे. चालायची तेव्हा नीट चालेल."

त्यांनी तळहातावर आकडा लिहिला आणि लाल गाडीची पुढची चाकं उचलून ती आपल्या टेम्पोच्या मागे बांधली. जावई तोंड पाडून शेजारच्या सीटवर बसला. काही अंतर जाईपर्यंत तो हातवारे करत होता, आणि बाई मान डोलवत टेम्पो हाकत होत्या.

तपासनिसाने रांगेतल्या तिघांना थांबायला सांगितलं आणि तो नोंदवही घेऊन खोलीत आला. ती मागे चाळू लागला. गळती खरोखर कधी तपासली होती? पानं उलटत तो गेल्या सोमवारपर्यंत पोचला; त्या दिवशी टोपण लावल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. तिथून आजपर्यंत पास झालेल्या त्रेसष्ट गाड्या. त्याने पहिल्या मालकाचा नंबर फिरवला.

"गाडी पुन्हा तपासायला आणावी लागेल," तो म्हणाला.

"का? तुम्ही तर पास केली होती. नापास झाली का आता?"

"ते माहीत नाही. म्हणूनच बोलावतोय."

"हा काय खेळ आहे? मी कामं सोडून पुन्हा येऊ? चूक कुणाची?"

यंत्र बिघडलं होतं, असं सांगितलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं.

"माझी," तो म्हणाला. "सही केली, पण तपासलं नव्हतं."

पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. तपासनिसाने सगळं ऐकून घेतलं आणि मग दुसऱ्या नंबरावर बोट ठेवलं.